गाणारे डावीकडे होते

जगात जेवढे म्हणून अपघात शक्य आहेत ते सगळे आपल्याच पत्त्यावर यायला निघालेले आहेत, वाटेत कुठेतरी त्यांना फक्त उशीर होतो आहे, अशी पक्की खात्री बाळगून तीस-पस्तीस वर्षं जपानसारख्या देशात राहिलेला माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. नात्याने माझे मामेसासरे. एका व्यापारी कंपनीच्या नोकरीवर ते मुंबईहून आधी कोबेला आले, पुढे कंपनीने त्यांना टोकियोच्या ऑफिसात हलवलं, आणि माझ्या आयटीच्या कॉन्ट्रॅक्टमुळे आम्ही पुण्याहून टोकियोजवळच्या उरायासूला राहायला आलो तेव्हा ते आणि मामी शेजारच्या इचिकावात एका इमारतीच्या तळमजल्यावर राहत होते. पहिल्याच भेटीत मी सहज विचारलं, ‘वरचा मजला नाही मिळाला का?’ ते म्हणाले, ‘मिळत होता. पण वरून खाली पडण्यापेक्षा आधीच खाली असलेलं बरं.’ मी आपला नवा जावई, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, ‘पण मग वरचे तुमच्यावर पडले तर?’ मामांचा चहाचा कप तोंडापर्यंत जाऊन थांबला. पुढचे तीन रविवार ते घरांच्या एजंटाकडे वरच्या मजल्यांचे नकाशे बघत बसले होते, असं मामींनी मला नंतर सांगितलं, आणि ‘यापुढे ह्यांच्यासमोर विचार करून बोलत जा’ अशी तंबीही दिली. मामा मला आजही ‘जावईबापू, तुम्ही’ असंच म्हणतात. मामींनी मात्र त्या तंबीपासून मला जे ‘तू’ केलं ते कायमचं.

बरं, इतक्या भित्र्या माणसाने आवड तरी बेताची ठेवावी. बोन्साय करावं, मासे पाळावेत, फार तर बासरी ऐकावी. मामांचा जीव जडला होता तो साठ-सत्तरच्या दशकांतल्या इंग्रजी रॉक संगीतावर, म्हणजे ज्या मंडळींनी भर स्टेजवर गिटारी जाळल्या, ड्रम लाथाडले आणि हॉटेलांच्या खिडक्यांतून टीव्ही खाली टाकले त्यांच्यावर. कॉलेजात असताना एका मित्राच्या बोटीवरच्या भावाने आणलेली तबकडी त्यांनी ऐकली आणि तिथे जे बिनसलं ते बिनसलंच. पण ऐकणंही स्वभावाला धरून. त्यांच्या लेखी रॉक संगीताचा इतिहास हा मुख्यतः टाळता आल्या असत्या अशा दुर्घटनांचा इतिहास होता. कोण कुठल्या विमानात बसला, कोणी काय खाल्लं, कोणाला कोणी आधी सांगायला हवं होतं, हे सगळं ते जाणकाराच्या रुबाबात नव्हे, तर पुढचा नंबर आपलाच आहे अशा खालच्या आवाजात सांगत. आणि नाव कुणाचंच घेत नसत. एकदा म्हणे न्याहारीच्या वेळी त्यांनी एका गायकाचं नाव घेतलं आणि संध्याकाळच्या बातम्यांत तो गेल्याचं कळलं. तेव्हापासून मेलेल्याचंही नाव नाही आणि जिवंताचंही नाही. ‘तो डावखुरा’, ‘तो चष्मेवाला’, ‘ते दोघे भाऊ, एकमेकांशी न बोलणारे’ अशी सगळी ओळख. सुरुवातीला मला वाटायचं, हे सासरकडच्या कुठल्यातरी भाऊबंदकीबद्दल बोलतायत, आणि मी सावधपणे मान डोलवायचो.

फार पूर्वी अमेरिकेत ऐन हिवाळ्यात तीन तरुण गायकांना घेऊन निघालेलं एक छोटं विमान शेतात कोसळलं होतं. त्यांच्यापैकी एकाला त्या विमानातली जागा नाणं उडवून मिळाली होती. ही गोष्ट मामांच्या मनातून कधी गेली नाही. क्रिकेटची मॅच बघतानाही टॉस होईपर्यंत ते बाल्कनीत जाऊन उभे राहत, आणि दुसऱ्याने सोडलेल्या जागेवर बसायचं नाही हा तर त्यांचा नियमच. आता इथल्या ट्रेनमध्ये पांढऱ्या केसांच्या माणसाला कोणी ना कोणी उठून जागा देतं. एकदा माझ्यासमोर एक बाई त्यांच्यासाठी उठल्या. मामा म्हणाले, नको. बाई म्हणाल्या, बसा ना. मामांनी कमरेत वाकून आभार मानले, मग बाईंनीही वाकून मानले, आणि दोघं आलटून पालटून वाकत राहिली. जागा रिकामीच. भिडेपोटी तिसरंही कोणी बसेना. तीन स्टेशनं गाडी अशी गेली. उतरल्यावर मामा रुमालाने कपाळ पुसत म्हणाले, ‘त्या पोराला वाटलं असेल, काय नशीब आपलं, जागा मिळाली.’

दुसरा एक गिटारवाला भर कार्यक्रमात मायक्रोफोनचा शॉक बसून गेला, म्हणून मामा मायक्रोफोनला हात लावत नसत. जपानी ऑफिसात हे फार अवघड. वर्षाअखेरीच्या पार्टीनंतर सगळं खातं कराओकेला जातं आणि साहेबापासून शिपायापर्यंत प्रत्येकाला एकेक गाणं म्हणावंच लागतं. मामांनी यावर तोड काढली. कोटाच्या खिशातून भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे काढले, नीट चढवले आणि माइक हातात घेऊन डोळे मिटून गाणं म्हटलं. जपानी लोक सभ्य. कोणी हसलं नाही, कोणी विचारलं नाही. हा भारतातला काहीतरी रिवाज असणार, गाण्याआधीचं सोवळं असणार, असं त्यांनी धरलं. आणि पुढच्या वर्षी त्यांचे दोन सहकारी, पाहुण्याला एकटं वाटू नये म्हणून, स्वतःचे हातमोजे घेऊन आले. आणखी एका गायकाने स्टेजवर कोणीतरी फेकलेलं वटवाघूळ रबरी समजून त्याच्या डोक्याचा चावा घेतला होता आणि नंतर त्याला रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली होती. त्याची शिक्षा मामांनी इथल्या हॉटेलवाल्यांना दिली. इथे हॉटेलांच्या दारात काचेमागे प्लास्टिकचे हुबेहूब पदार्थ मांडून ठेवलेले असतात. आपण ते बघतो आणि आत जाऊन खरे मागवतो. मामा आत बसल्यावर समोर आलेली ताटली काडीने टोचून वेटरला अत्यंत अदबीने विचारत, ‘माफ करा, हे बाहेरचं की आतलं?’

कचऱ्याच्या दिवशी त्यांना बघणं हाही एक सोहळा होता. आमच्याकडे जळणारा कचरा वेगळ्या वारी, प्लास्टिक वेगळ्या वारी, बाटल्या वेगळ्या, आणि चूक झाली की पिशवीवर लाल स्टिकर चिकटतो. त्या स्टिकरची मामांना पोलिसांइतकी भीती. थंडीच्या सकाळी ते मामींचा जांभळा, फरच्या कॉलरचा कोट घालून पिशवीजवळ उभे राहत, गाडी येऊन पिशवी बिनबोभाट जाईपर्यंत. ‘तुमचा कोट नाही का?’ मी विचारलं होतं. मग त्यांनी मला चार मित्रांचा तो बँड सांगितला, ज्याने लोकांसमोरचं आपलं अखेरचं गाणं लंडनच्या एका इमारतीच्या गच्चीवर, जानेवारीच्या थंडीत म्हटलं. त्यांच्यातल्या दोघांनी म्हणे आपापल्या बायकोचा कोट घातला होता. ‘पुढे चौघे वेगळे झाले, काय काय झालं, पण त्या दिवशी न्यूमोनिया झाला नाही,’ मामा म्हणाले. हाच बँड त्याआधी टोकियोत येऊन गेला होता. त्या वेळी धमक्या आल्या, निदर्शनं झाली, सभागृहात ओळीओळीला पोलीस उभे केले आणि प्रेक्षकांना खुर्चीतून उठायची परवानगी नव्हती. संगीताच्या जाणकारांना ही हकिगत जरा केविलवाणी वाटते. मामा ती सांगताना हळवे होत. ‘जगाच्या इतिहासात मी गेलो असतो असा तो एकच कार्यक्रम,’ म्हणत. कारण स्वित्झर्लंडमध्ये एका कार्यक्रमात प्रेक्षकांतल्या कोणीतरी छताकडे बार उडवला आणि अख्खं सभागृह जळालं. तिथे आलेल्या एका बँडने तळ्यापलीकडून तो धूर बघून एक गाणं केलं आणि ते गाणं जगभर वाजलं. मामा त्या गाण्यावर टाळ्या वाजवत नसत; ते ऐकताना दाराकडे बघत.

थोडक्यात, ज्या माणसाने पंचेचाळीस वर्षं हे संगीत ऐकलं त्याने एकही कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिला नव्हता. आणि दोन वर्षांपूर्वी बातमी आली की त्यांचा सगळ्यात लाडका बँड निरोपाच्या दौऱ्यावर टोकियोला येतो आहे. मूळ पाचांतले तीन उरलेले, तिघेही ऐंशीच्या आसपास. इथे तिकिटांची सोडत असते. मी मामांना न विचारता दोन तिकिटांसाठी नाव घातलं आणि दोन्ही लागली. मला वाटलं ते नाहीच म्हणतील. त्यांनी आठ दिवस मागितले, सभागृहाचा नकाशा मागितला, बाहेर पडायच्या दारांचे आकडे मागितले, आणि नवव्या दिवशी फोन करून म्हणाले, ‘जावईबापू, येतो. आता ते गेले किंवा मी गेलो तर राहूनच जाईल.’ मामी मागून म्हणाल्या, ‘बघ काय शुभ बोलतायत.’

कार्यक्रमाला तीन आठवडे असताना एका गुरुवारी सकाळी मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो तेव्हा त्यांचा फोन आला. ‘डाव्या कानाला काही ऐकू येत नाहीये. उठलो तेव्हापासून. आत शिट्टीसारखं वाजतंय.’ आवाज घाबरलेला होता. पण त्यांचा आवाज कधी घाबरलेला नसायचा? त्या महिन्यात त्यांनी मला छातीत कळ, गॅसचा वास आणि बाल्कनीच्या भिंतीला गेलेला तडा या तीन गोष्टींसाठी फोन केला होता आणि तिन्ही वेळा काही निघालं नव्हतं. मी हळू आवाजात म्हणालो, ‘मळ असेल मामा. शनिवारी मी येतो, जाऊ दाखवायला.’ ते म्हणाले, ‘चालेल का शनिवारपर्यंत?’ मी म्हणालो, ‘काही होत नाही.’

हे ‘काही होत नाही’ मला नंतर फार महागात पडलं. शनिवारी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दोन तपासण्या केल्या आणि सरळ मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. कानाची नस अचानक निकामी होते, असा हा आजार. कारण पुष्कळदा सापडत नाही. औषध जितकं लवकर सुरू होईल तितकी आशा जास्त. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘कधीपासून?’ मामा म्हणाले, ‘गुरुवारपासून.’ त्या म्हणाल्या, ‘त्याच दिवशी यायला हवं होतं.’ मी मामांकडे बघितलं नाही. मामांनीही माझं नाव घेतलं नाही. ते म्हणाले, ‘मला वाटलं मळ असेल.’

आठ दिवस ते ॲडमिट होते. आयुष्यभर ज्या ज्या गोष्टींना ते भ्याले त्यांत कान कधीच नव्हता, आणि हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चोर खिडकीतून येईल म्हणून रात्रंदिवस खिडकी धरून बसलेल्या माणसाच्या पाठीमागून कोणीतरी घर उचलून न्यावं, तसे ते बसलेले असायचे. विनोद नाही, गोष्टी नाहीत, सूचना नाहीत. नर्स डाव्या बाजूने आली की दचकायचे. पाचव्या दिवशी करमणूक व्हावी म्हणून मी त्यांचा हेडफोन आणि त्यांच्या आवडीची गाणी घेऊन गेलो. किती मूर्खपणा केला ते मला पाच मिनिटांत कळलं. त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटले, आणि लगेच उघडले. पुन्हा नीट बसवला. मग काढून मांडीवर ठेवला. चेहऱ्याचा रंग उतरला होता.

‘काय झालं, मामा?’

‘गाणारे गेले,’ ते म्हणाले. ‘ढोल आहे, गिटार आहे. गाणारे नाहीत.’

मला समजेना. मग त्यांनी शांतपणे समजावलं. त्या काळी स्टीरिओ नवीन होता. रेकॉर्ड करणारे सरळ वाद्यं एका बाजूला आणि गळे दुसऱ्या बाजूला टाकून मोकळे व्हायचे. या तबकडीत गाणारे डावीकडे होते. पंचेचाळीस वर्षं ते डाव्या कानात राहिले होते. मी म्हणालो, ‘आपण हेडफोन उलटा करू.’ मी तो उलटा करून त्यांच्या डोक्यावर बसवला. त्यांनी ऐकलं, मान हलवली. ‘आले,’ म्हणाले, ‘पण आता वाजवणारे गेले.’ मग सबंध गाणं त्यांनी दोनदा ऐकलं, एकदा सुलट, एकदा उलट, आणि दुसरं झाल्यावर बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. बहुधा दोन्ही मनात एकत्र करत असावेत. मी खाली जाऊन मशीनमधून कॉफी घेतली आणि ती तिथेच जिन्यात उभा राहून गार होईपर्यंत हातात धरून ठेवली. काही होत नाही, मी म्हणालो होतो.

कान परत आला नाही. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, उरलेल्या कानाला जपा, मोठ्या आवाजाच्या जागी जाऊ नका. म्हणजे जन्मभर भलत्यासलत्या कारणांनी कार्यक्रम टाळलेल्या माणसाला आता खरंखुरं, कागदावर लिहिलेलं कारण मिळालं होतं. मला वाटलं, निदान सुटल्यासारखं तरी वाटेल त्यांना. त्यांनी तिकीट माझ्याकडे परत दिलं, आणि देताना पाकिटाचा कोपरा जरा जास्त वेळ बोटांत धरून ठेवला. तेव्हा मामी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, ‘मी जाते.’

मामींना या संगीतातलं काही आवडत नसे. त्या नाट्यगीतं ऐकत आणि ह्यांच्या रेकॉर्डींना ‘तुमची ती आदळआपट’ म्हणत. मामा चाचरत म्हणाले, ‘तुला काय कळणार त्यातलं?’

‘न कळायला काय झालं? इतकी वर्षं ऐकवलंत. एकदा बघून तर येते, कोण आहेत मेले.’

‘मेले म्हणू नकोस,’ मामा कळवळून म्हणाले.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी पाचला, खाडीजवळच्या एका मोठ्या सभागृहात होता. मामा आमच्याबरोबर तिथपर्यंत आले. समोरच्या चौकात कन्व्हीनियन्स स्टोअरच्या बाहेर एक बाक होता. तिथे ते थर्मास घेऊन बसले. मामींना त्यांनी कानात घालायचे बोळे दिले, जवळचं दार कुठलं ते दाखवलं, आणि म्हणाले, ‘मी इथेच आहे. कुठे हलत नाही.’ आत गेल्यावर मामी खुर्चीच्या टोकावर बसल्या, पर्स मांडीवर, जशा डॉक्टरांकडे बसतात. दिवे गेले, ते तिघे म्हातारे आले, दहा हजार माणसं एकदम उभी राहिली, आणि जो आवाज झाला तो मला कानांआधी बरगड्यांत ऐकू आला. मामी मात्र बसूनच, माणसांच्या फटीतून नेट लावून बघत होत्या. मधूनच माझ्या कानाशी येऊन म्हणत, ‘तो मधला सारखं पाणी पितोय, साखर असणार,’ किंवा ‘डावीकडच्याचा गुडघा गेलाय बघ, ह्यांना सांगायला हवं.’ मला कळलं की त्या कार्यक्रम बघत नव्हत्या, घरी न्यायला गोळा करत होत्या.

सहावं की सातवं गाणं चालू असताना सगळ्यांचे फोन एकदम कोकलले. तो भूकंपाच्या इशाऱ्याचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला त्याचं वर्णन नको. हजारो खिशांतून एकदम तो आला, आणि गाण्याच्याही वरून ऐकू आला. मग पायाखालची जमीन बाजूला सरकली. वर टांगलेल्या दिव्यांच्या लोखंडी चौकटी झुलायला लागल्या. एवढं लोखंड आपल्या डोक्यावर आहे हे मला तोवर दिसलंच नव्हतं. वाद्यं थांबली. हॉलमधले दिवे लागले आणि जपानीत घोषणा सुरू झाली, कृपया जागेवर बसून राहा. दहा हजार माणसं खाली बसली. कोणी ओरडलं नाही, आणि ती शांतताच मला सहन होईना.  हलणं बहुधा अर्धं मिनिट चाललं असेल. थांबलं तेव्हा मामी उभ्या होत्या.

‘मामी, बसा. बसून राहायला सांगतायत.’

‘मला बाहेर जायचंय.’

‘मामा बाहेर आहेत, मोकळ्यावर. आपल्यापेक्षा ते सुरक्षित आहेत.’

‘म्हणूनच,’ त्या म्हणाल्या. ‘ते बाहेर आणि मी आत. कोबेला असंच झालं होतं.’

मला एवढंच माहीत होतं की कोबेच्या मोठ्या भूकंपात ते दोघं तिथे होते. मामा जगातल्या सगळ्या दुर्घटना सांगत, ही सांगत नसत. खुर्च्यांच्या ओळींतून वाट काढत मामींनी मला ती चार-पाच वाक्यांत सांगितली. पहाट होती. हे पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले होते. घर हललं, रेकॉर्डींचं कपाट आतून दारावर पडलं, चौकट वाकली आणि दार काही उघडेना. मामी आत, कपाटाच्या आणि भिंतीच्या बेचक्यात, पाय अडकलेला. माणसं यायला तीन तास लागले. ‘तीन तास हे दाराच्या पलीकडे बसून होते. मी झोपू नये म्हणून बोलत होते. घरचं सगळं बोलून संपलं, तुझ्या सासूचं लग्न संपलं, मग ह्यांना काही सुचेना, म्हणून ह्या गाणाऱ्यांच्या गोष्टी सांगायला लागले. कोण कुठे पडला, कोण कशाने वाचला. मला काय कळत होतं त्यातलं? पण आवाज येत होता. नाहीतर मला कशाला माहीत असणार रे ही माणसं?’

बाहेरच्या गोल व्हरांड्यात आलो तर प्रवेशद्वाराशी मामा. ज्या माणसाने कुठल्या सभागृहाचा उंबरा ओलांडला नव्हता तो आत यायला धडपडत होता. पांढरे हातमोजे घातलेला, त्यांच्याच वयाचा एक गार्ड हात आडवा धरून उभा होता आणि मामा त्याला ऑफिसातल्या अत्यंत शुद्ध, अदबशीर जपानीत पुन्हा पुन्हा एकच वाक्य सांगत होते: अतिशय दिलगीर आहे, पण माझी पत्नी आत आहे. गार्डही तितक्याच अदबीने सांगत होता की तिकीट नाही. मामांचा आवाज चढला नव्हता, पण थर्मासचं झाकण उघडं होतं आणि चहा त्यांच्या बुटांवर सांडत होता.

मामी त्यांच्या डाव्या बाजूने हाक मारत गेल्या. त्यांना ऐकू आलं नाही. मग त्या वळसा घालून समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि थर्मास त्यांच्या हातातून काढून घेतला.

‘काही झालेलं नाही मला,’ त्या म्हणाल्या. ‘दार उघडं होतं.’

 मामांनी मामींच्या कोपराला हात लावून पाहिला, मग खांद्याला, जसं आपण पडलेलं भांडं फुटलंय का ते चाचपतो. गार्डने एकदा मामींच्या तिकिटाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि हात खाली घेतला. व्हरांड्यात भिंतीला लागून एक घडीची खुर्ची होती. ती त्याने उघडून ठेवली आणि पाठ करून दाराकडे बघत उभा राहिला.

वीस मिनिटांनी, सगळं तपासून झाल्यावर, आत पुन्हा सुरू झालं. मामा उठले. ‘चला, मी जातो बाहेर,’ म्हणाले, आणि दोन पावलं टाकून थांबले. सभागृहाचं जाड दार बंद होतं. आतला तो बरगड्या हलवणारा आवाज दारातून गाळून येत होता, घरात शेजारच्या खोलीत रेकॉर्ड लावल्यावर येतो तेवढाच. गाणारे होते आणि वाजवणारेही होते. त्यांनी उजवा कान दाराच्या दिशेने केला.

‘दुखतंय का कानाला?’ मामींनी विचारलं.

‘नाही. एवढा बरोबर आहे.’

मला त्यांनी आत पिटाळलं. ‘तुम्ही जा जावईबापू, तिकीट आहे तुमच्याकडे.’ मी गेलो, शेवटच्या रांगेमागे उभा राहिलो, आणि खरं सांगायचं तर पुढचा कार्यक्रम मला फारसा आठवत नाही. दिवे लागल्यावर बाहेर आलो तेव्हा खुर्ची रिकामी होती. दोघं दाराशी उभी होती, मामा लाकडावर तळहात टेकून, आणि मामी त्यांच्या त्या न ऐकणाऱ्या बाजूला.

परतीच्या गाडीत मी एकदाचं म्हणून टाकलं, ‘मामा, त्या गुरुवारी मी लगेच यायला हवं होतं.’ नेमका त्यांच्या डावीकडे बसलो होतो. त्यांनी वळून विचारलं, ‘काय म्हणालात?’ पुन्हा म्हणायचा धीर मला झाला नाही. ‘गर्दी आहे म्हटलं,’ मी म्हणालो.

गेल्या वर्षी ते दोघं कायमचे पुण्याला परत गेले. आता इथे जरा जमीन हलली की मामांच्या फोनवर पुण्यात इशारा येतो, कारण जपानच्या भूकंपांचं ॲप त्यांनी काढलेलं नाही. पूर्वी आमच्या घरातला दिवा झुलायचा थांबायच्या आत त्यांचा फोन यायचा. हल्ली उजव्या कानालाही कमी ऐकू येतं, फोनवरचं नीट कळत नाही, म्हणून मामी बोलतात आणि माझं बोलणं त्यांना मोठ्याने सांगतात. मला पलीकडून सगळं ऐकू येतं. ‘काही पडलं नाही म्हणतोय. पोरगी शाळेत आहे. बारीकसाच होता.’  मग मामांचा आवाज, स्वतःला ऐकू यावा म्हणून जरा चढवलेला, ‘सांग त्यांना, पुढचा मोठा असेल.’

मामी फोन तोंडाजवळ घेतात आणि मला सांगतात, ‘हे विचारतायत, पुण्याला कधी येणार?’